भेट असल्याचा कागद

मस्तगड, जालना
रविवार, दुपार

प्रिय कल्याण,

तुझा आजचाही मेसेज पाहिला. 'ताई, सही?' एवढाच. गेला आठवडाभर रोज सकाळी तो येतो आणि मी वाचून मोबाईल पालथा ठेवते. ताई चिडली असं तुला वाटत असेल. चिडलेच आहे, पण नेमकी कुणावर हे ठरवायला मला आठवडा लागला आणि अजूनही ते पुरतं ठरलेलं नाही. तुझ्यावर चिडावं तर घर घेणं हा काही गुन्हा नव्हे. तुझ्या त्या परदेशातल्या, कॉर्कच्या बँकेवर चिडावं तर ती कुठल्या रस्त्यावर आहे हेही मला माहीत नाही. आत्ता जेवणं झालीत. तुझे दाजी पंख्याखाली घोरतायत, आई उंबऱ्याशी लसूण सोलत बसलीय. मेसेजमध्ये हे मावणार नाही, आणि फोनवर बोलायला गेले तर निम्म्यात एक तर रडेन नाही तर भांडेन. म्हणून कागद घेतला. हे पत्र पोस्टानं सावकाश येईल. तोवर तुझ्या घराचं इकडं की तिकडं झालेलं असेल.

तो दुसरा कागद टेबलावर तांब्याखाली दाबून ठेवलाय. तुझ्या त्या डेक्लननं, म्हणजे कर्ज जुळवून देणाऱ्या माणसानं पाठवलेला. इंग्रजीत, जेमतेम पाच ओळींचा. माझ्यापुरतं त्याचं मराठी करून पाहिलं ते असं: मी, कल्याण याची सख्खी बहीण सुरेखा, त्याला घरासाठी पंधरा लाख रुपये देत आहे. ही विनाअट भेट आहे. ही रक्कम मला कधीही, कोणत्याही रूपात परत नको. त्या घरात मला आज वा पुढे कसलाही हक्क नाही. मी किंवा माझ्या घरातलं कुणीही माणूस तिथे राहायला येणार नाही. खाली सही आणि तारीख. तू म्हणालास, "ताई, कागदावर फक्त भेट म्हणायचं. आपल्या आपल्यात उसनेच. दोन वर्षांत फेडतो ना मी." कारणही सांगितलंस. उसने म्हटलं की बँक ते तुझ्या डोक्यावरचं कर्ज धरते आणि स्वतःचा हात तेवढा आखडता घेते. तिथं सगळे असंच करतात, असंही म्हणालास. करत असतील. पण सगळ्यांच्या बहिणी बियाण्याच्या लॅबमध्ये नसतात.

माझं काम तुला माहीत आहे. ओल्या कागदात दाणे मोजून गुंडाळायचे, ठरलेल्या दिवशी उलगडायचे, किती उगवले ते लिहायचं आणि खाली सही करायची. त्या सहीवर एमआयडीसीत पिशव्या शिवल्या जातात आणि कुणीतरी त्या घेऊन आपलं रान पेरतं. मॅनेजर कितीदा म्हणाले असतील, "मॅडम, एका टक्क्यानं काय होतंय? वरचा आकडा धरा की." मी धरला नाही. हा मोठेपणा समजू नकोस. तुझे दाजी याला आजार म्हणतात, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. भाजीवालीनं सुटे जास्त दिले तर मी गल्लीच्या तोंडापासून परत जाते. ती वैतागते, मी ओशाळते, पण परत जाते.

याच आजारानं तुझं पहिलं घर घालवलं, हे तू तेवढ्या शब्दांत बोलला नाहीस तरी मला कळतं. भेट देणारीकडे पैसे आले कुठून हे बँकेला हवं होतं, म्हणून माझ्या खात्याचे उतारे गेले. एमआयडीसीच्या मागचा आमचा प्लॉट विकल्याचे पैसे त्यांना समजले, कारण खरेदीखत होतं. मग त्याआधी पप्पूनं पाठवलेले दोन हजार कसले, हा प्रश्न आला. पप्पू कोण? नातं काय? मी लिहून दिलं की पप्पू हा चुलतभाऊ, अंबडच्या लग्नाहून येताना त्याच्या गाडीत मी डिझेल टाकलं, त्याचे पैसे त्यानं फोनवरून परत केले. त्यांनी विचारलं, पप्पू हे कायदेशीर नाव आहे का. मला त्याचं खरं नावच आठवेना. काकूंना फोन केला तर त्याही आधी "पप्पू" म्हणाल्या, आणि मग काकांना विचारायला आत गेल्या.

इथवर हसण्यासारखं होतं. मग भिशी निघाली. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी गिरिजाबाईकडे जमते, तिचे पैसे मला हिवाळ्यात लागले होते. खुलाशात 'बचत' एवढा एक शब्द लिहिला असता तर मिटलं असतं. पण मी बसून खरं ते लिहिलं. आम्ही बायका दर महिन्याला पैसे गोळा करतो, चिठ्ठ्या टाकतो आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघते तिला सगळे मिळतात. तिकडून विचारणा आली, हा जुगार आहे का. मी दीड पानभर समजावलं की वर्षात प्रत्येकीची पाळी येतेच, यात हरत कुणीच नाही, फक्त कुणाला आधी मिळतात आणि कुणाला नंतर. त्यावर त्यांना भिशीची नोंदणी हवी झाली, नियमावली हवी झाली, बाकीच्या बायकांची ओळखपत्रं हवी झाली. गिरिजाबाईला सांगितलं तर तिनं कमरेवर हात ठेवले. "माझं आधार कार्ड? त्या गोऱ्याला कामून पायजे माझं आधार कार्ड? भिशीत घ्यायचं का त्याला? घेऊ, पर पहिली चिठ्ठी न्हाई देनार त्याला." आम्ही पोट धरून हसलो. त्या हसण्यात महिना गेला, आणि मागच्या अंगणात नासपतीचं झाड असलेलं ते घर दुसऱ्यानं घेतलं. तू त्या दिवशी फोनवर म्हणालास, "चिठ्ठ्यांचं सांगायची काय गरज होती ताई? बिलकुल समजत न्हाई तुला." आणि ठेवून दिलास. किती वर्षांनी तुझ्या तोंडून 'न्हाई' ऐकलं. राग आला की तू अजून गावाकडचं बोलतोस.

तुझा घरमालक त्याचं घर विकतोय, जूनच्या आत तुम्हाला निघायचंय, भाड्याचं दुसरं मिळत नाही, प्रांजली लेकीचा हात धरून तिच्या शाळेजवळ एक खोली तरी मिळेल का म्हणून फिरतेय. हे सगळं मी विसरलेले नाही. उलट त्यामुळेच जास्त संताप होतो. तीन वर्षं तू त्या दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात रात्रपाळ्या करतोस, भाडं एकदाही चुकवलं नाहीस, आणि तरी बँकेच्या लेखी तू नवा. तुझा तिथं राहायचा परवाना किती दिवसांचा, नोकरी पक्की कधी झाली, तिथं जाण्याआधी तू कुठं होतास आणि कुणाचे पैसे बुडवलेस का, याचं एकेक प्रमाणपत्र मागतात आणि ते पोचेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. अंबडच्या खतवाल्याकडं बाबांचं नाव सांगितलं की पोती गाडीत पडायची. "कडूबाचं पोरगं का? घेऊन जा." त्या माणसानं बाबांना चाळीस वर्षं पाहिलं होतं. कॉर्कमध्ये कडूबाला कोण ओळखतं?

पण हे लिहून झाल्यावर मला थांबावं लागतं. दाजींच्या सळयांच्या मिलमध्ये बिहारची पोरं येतात, भट्टीसमोर राबतात. त्यातला एक जण आमच्या गल्लीत खोली मागायला आल्ता, तेव्हा जो तो त्याला हेच विचारत होता. इथलं कोण ओळखतं तुला? जामीन कोण राहील? मीही खिडकीतून ऐकलं आणि बाहेर आले नाही. तेव्हा बँकेवरचा माझा राग कितपत खरा आहे, हे मला सांगता येणार नाही. नव्या माणसाला सगळीकडे आपल्या बापाचं नाव सिद्ध करावं लागतं, एवढंच म्हणते आणि पुढं जाते.

पुढचं लिहायचं मी लांबवते आहे. आईचे पैसे. दिवाळीनंतर तू सांगितलंस की डेक्लन म्हणतो, दर महिन्याला भारतात जाणारे हे दहा हजार बँकेला दिसतात, याला ते कायमची जबाबदारी धरतात, सहा महिने थांबवता आले तर बरं. अर्जात तुझ्यावर कोण कोण अवलंबून आहे असा रकाना होता, त्यात तू पोरीचं नाव लिहिलंस. आईचं लिहिलं तर कर्ज कमी बसतं, हेही तू मला लपवून ठेवलं नाहीस. मी म्हणाले, ठीक आहे, मी देईन तिला, तू घराचं बघ. आणि दिले. दर महिन्याच्या सुरुवातीला पाकिटात घालून तिच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "कल्याणनं पाठवले." लॅबमध्ये एक टक्का वर न धरणारी मी, दर महिन्याला आईच्या समोर बसून हे म्हणत होते. ती पाकीट कपाळाला लावायची. डायरीत त्या तारखांना मी काहीच लिहिलेलं नाही, जागा कोरी सोडलीय.

तुला आई इथं कशी राहते ते माहीत नाही, कारण फोनवर ती बरी असते. बाबा गेल्यावर गावाकडचं आपलं घर बंद झालं, रान रखमाजीकाका बटईनं करतात, आणि आई माझ्याकडं आली. आली तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीसकट आली. मी कपाटातला एक पूर्ण कप्पा तिला मोकळा करून दिला. तिनं त्याला हात लावला नाही. पेटी दिवाणाखाली. रोज सकाळी ती वाकून पेटी ओढते, एक लुगडं काढते, कालचं धुतलेलं घडी करून आत ठेवते, कडी लावते, पेटी परत ढकलते. तिचे गुडघे दुखतात. मी म्हणायचे, आई, अगं कप्प्यात ठेव ना. ती म्हणायची, "दोन दिवसाची पाहुनी मी. लेकीच्या घरी कपाट कशाला पायजे?" दोन दिवसांची दोन वर्षं झाली. लसूण सोलते, डाळ निवडते, दाजी घरात आले की पदर सारखा करून भिंतीकडे सरकते. त्यांनी कितीदा सांगितलं, "मामी, तुम्ही माझ्या मायसारख्या, आरामात बसा." ती हसते आणि सरकते. गिरिजाबाई येता-जाता विचारते, "सोनूबाई, लेकाकडं कवा?" त्याचं उत्तर तिच्याकडे ठरलेलं आहे. "घर झालं की."

हे तिनं स्वतः शोधलेलं नाही. दर रविवारी तू फोन ठेवताना म्हणतोस ते आहे. घर झालं की तुला घेऊन जातो आई. तू खोटं बोलतोस असं मला म्हणायचं नाही. म्हणताना ते तुला खरं वाटत असणार. पण आता बघितलेल्या घराला दोनच खोल्या आहेत, तुझा परवाना असा आहे की आईला फार तर पाहुणी म्हणून येता येईल, आणि ज्या रकान्यात ती बसायला हवी होती तिथं ती नाही. हे तुला माहीत आहे आणि मलाही. माहीत नव्हतं ते एका माणसाला.

म्हणून माझा पेन त्या शेवटच्या ओळीवर अडला. 'माझ्या घरातलं कुणीही माणूस तिथे राहायला येणार नाही.' आई कुणाच्या घरातली, कल्याण? तुझ्या अर्जात ती तुझी नाही. माझ्या कागदावर मी सही केली की ती माझी ठरते. पण तिला विचारशील तर ती माझ्या घरातली नाहीच, ती तुझ्या अजून न झालेल्या घरातली आहे, आणि तोवर दिवाणाखालच्या पेटीतून जगते आहे. तुला वाटेल, ताई एका ओळीचा किती कीस पाडते. पाडते. मला दुसरं काही येत नाही.

याआधी एकदाच मी न वाचता सही केली होती. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर अंबडला, हक्कसोडीवर. तू तिकडून सुट्टी काढून आल्तास, मी जालन्याहून बसनं आले. सगळ्याच बहिणी करतात तशी मीही बापाच्या रानातला माझा हिस्सा भावाच्या नावे सोडला. कारकुनानं दाखवलं तिथं तिथं सह्या केल्या, अंगठ्याची शाई पदराला पुसली. बाहेर आल्यावर तू मला हिरवी साडी दिलीस आणि आपण स्टँडसमोर भजी खाल्ली. तू म्हणालास, "वाचलं तरी का गं काय लिहिलंय?" मी म्हणाले, भावाचा कागद काय वाचायचा. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आता वाटतं का, हे या आठवड्यात स्वतःला पुन्हापुन्हा विचारलं. रानाचं नाही वाटत. पण तेव्हा माझ्या मनात होतं की रान गेलं तरी माहेर राहतं. जिथं भाऊ असेल तिथं. आता भावाचं घर होणार आणि तिथंही मला आधी हक्क नसल्याचं लिहून द्यायचंय. आपल्याकडच्या कागदाला तेवढं तरी कळतं की बहीण काही तरी सोडते आहे. तुझ्या बँकेच्या कागदात तेवढीही नोंद नाही. तिथं मी फक्त एक देणारी.

बुधवारपर्यंत मी असं ठरवलं होतं की सही करायचीच नाही. तुला कळवायचं की पैसे घे, पण उसने म्हणून घे, आणि बँकेला तसं सांग. मग तुझा फोन आल्ता तो दाजींनी घेतला. त्यांना तू म्हणालास की हेही घर गेलं तर आता बघायला तिसरं नाही. त्यांनी मला तो निरोप जसाच्या तसा दिला आणि वर एक शब्द बोलले नाहीत, म्हणजे विषय गंभीर होता. मी त्यांना म्हणाले, माझ्यानं खोटी सही होत नाही. ते म्हणाले, "मंग खरी कर." मला कळलंच नाही. ते म्हणाले, "कागद बदलत न्हाई ना? मंग आपन बदलू. भेट लिहिलंय तर भेट देऊन टाक. परत घ्यायचेच न्हाईत. झाली का न्हाई सही खरी?" तो प्लॉट आम्ही दोघांनी मिळून घेतला होता, त्यावर कुठं दार, कुठं जिना हे त्यांनी मिलच्या पावत्यांच्या पाठीमागे किती वेळा काढलं असेल. मी विचारलं, आणि आपलं घर? ते म्हणाले, "आपल्याला हाय की हे. छत गळतंय, पर वळखीचं हाय." मग थोड्या वेळानं, चप्पल घालता घालता म्हणाले, "तसंबी तुझा भाऊ दोन वर्षांत फेडनार म्हनतो. त्याच्या आजोबानं सुदिक दोन वर्षांत काई फेडल्यालं मला आठवत न्हाई." त्यांना हसवायचं होतं. मी हसले नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवले.

म्हणजे चार ओळी खऱ्या झाल्या. उरली शेवटची. ती दाजींच्या हातात नव्हती आणि माझ्याही नव्हती.

काल दुपारी लॅबमधून आले तेव्हा आई वाळलेलं लुगडं ठेवायला पेटी ओढत होती. मी तिला खाली बसू दिलं नाही, दिवाणावर बसवलं आणि तो कागद तिला मराठीत वाचून दाखवला. सगळा. मध्ये काही गाळलं नाही, गोड केलं नाही. मग रकान्याचंही सांगितलं, परवान्याचं सांगितलं, खोल्या दोनच आहेत हेही. पैशांचं मात्र माझ्या तोंडून निघेना. ते तिनंच काढलं. "आनि पैसे तू देऊन राह्यली, त्ये?" ती म्हणाली, "आदी पैसे आले की त्यो फोनवर इचारायचा, पोचले का आई. दिवाळीपसून इचारत न्हाई. म्या कवाच समजले. म्हनलं लेक देती तर घ्यावं, तिचं मन कामून मोडावं." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बोलून काय? मंग त्याला बी खोटं बोलायची येळ आली असती." कल्याण, आपण तिघंही एकमेकांना जपत होतो, आणि त्या जपण्यात त्या बाईला रोज वाकून पेटी ओढायला लावत होतो.

मला वाटलं ती रडेल. तिनं विचारलं, "त्याच्या घराला ऊन कुठून येतं?" मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "इचार. पोरगी लहान हाय, ऊन पायजे." दूधवाला येऊन गेला, मी दूध तापायला ठेवलं, ती तिथंच. शेवटी म्हणाली, "कर सही. बराबरच लिहिलंय त्यानी." आणि उठली, माझ्या हाताला धरून, आणि मला पेटी ओढायला लावली. एकेक लुगडं काढून तिनं कपाटातल्या त्या कप्प्यात ठेवलं. बाबांचा फेटा ठेवला. तुझं लहानपणचं कुंची-टोपडं ठेवलं, त्यात डांबरगोळी होती. मी मदत करायला गेले तर माझा हात बाजूला केला. "माझं मला लावू दे. मला सापडलं पायजे ना." संध्याकाळी दाजी आले तेव्हा ती दिवाणावरच बसलेली होती. सरकली नाही. म्हणाली, "बिभीषनराव, पंखा जरा कमी करा." ते माझ्याकडे बघायला लागले आणि मग धावत जाऊन त्यांनी पंखा कमी केला.

आज सकाळी मी सही केली. तारीख टाकली. उद्या कोर्टाच्या गल्लीत जाऊन शिक्का मारून घेते. मागच्या वेळी खात्याच्या उताऱ्यांवर शिक्का घ्यायला गेले तेव्हा तिथला वकील विचारत होता, "कुनाची केस हाय ताई?" आता त्याला सांगीन की केस मिटली. फोटो लगेच पाठवते, मूळ कागद कुरिअरनं. तुझी मुदत शुक्रवारची आहे, पोचेल. माझ्या सहीखालचा प्रत्येक शब्द आज खरा आहे, हे मी लॅबच्या दाखल्याखाली लिहिते तितक्याच जबाबदारीनं तुला सांगते. खरं करायला जे लागलं ते वर लिहिलंय. हे वाचून तुला अपराधी वाटावं म्हणून मी लिहिलेलं नाही, असं लिहिणार होते. पण तेही तपासून बघितलं. थोडं वाटावं, असं वाटतंय. थोडंच.

तर हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते एवढंच आहे, आणि यातलं काहीही तुझ्या बँकेला कळवायची गरज नाही. एक, ते पंधरा लाख परत पाठवू नकोस, दोन वर्षांनी नाही, कधीच नाही. पाठवलेस तर माझी सही खोटी पडेल आणि हा आजार या वयात जायचा नाही. दुसरं, रविवारी फोन ठेवताना 'घर झालं की' म्हणू नकोस. घर झालं. आईची पेटी आता माळ्यावर आहे, तिच्यात मी निंबाचा पाला घालून ज्वारी भरलीय, ती खाली यायची नाही. त्याऐवजी तिला ऊन कुठल्या खिडकीतून येतं ते सांग, ती विचारून राह्यलीय. आणि किल्ल्या हातात पडल्या की तिचे दहा हजार पुन्हा सुरू कर. ते कुठल्याच कागदात येत नाहीत, मी तपासलंय. जमेल तेवढे पाठव, कमी पाठव, पण पाठवलेस की दुसऱ्या दिवशी फोन करून तिला विचार, पोचले का आई. विचारायचं विसरू नकोस. ती त्यावरूनच ओळखते.

तुझीच, एवढा हक्क मात्र कुठंही सही करून न सोडलेली,
सुरेखाताई